आधी पत्ता वाचा: हद्दपार पोलिश कुटुंबांची पत्रं कशी समजून घ्यायची

१९४० साली कझाकस्तानातून पोलंडच्या एखाद्या घरी आलेलं कार्ड हातात पडलं, तर मजकुराकडे शेवटी वळावं. मजकुरात बहुतेक वेळा आम्ही जिवंत आहोत, तब्येत बरी आहे, जमलं तर कांदा-लसूण पाठवा, एवढंच असतं. बाकीची माहिती पत्त्याच्या बाजूला असते. कार्ड कोणत्या जिल्ह्यातून निघालं, पत्ता कोणत्या लिपीत आहे, शिक्के किती आणि कोणाचे, पोचायला किती दिवस लागले, हे सगळं तिथेच दिसतं. या पत्रव्यवहारात पत्ता ही सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात धोक्याची गोष्ट होती. त्याच्याच आधाराने पोलीस घरापर्यंत आले आणि पुढे त्याच्याच आधाराने साखरेची, चरबीची पेटी गवताळ माळावरच्या मातीच्या खोपटापर्यंत पोचली.

पोलंडच्या लोकांना युद्धात दोन्हीकडून हद्दपार केलं गेलं. जर्मनांनी पश्चिमेकडचे प्रांत रिकामे केले, लाखोंना वेठीच्या कामाला नेलं. त्या पत्रांची रीत वेगळी आहे. इथे बोलायचं आहे ते सोव्हिएत संघाने पूर्वेकडून नेलेल्या कुटुंबांबद्दल. त्यांच्यातल्या काही हजारांच्या पत्रांवर पुढे कोल्हापूरचा पत्ता आला, म्हणून मराठी वाचकाला हा विषय जितका दूरचा वाटतो तितका तो नाही.

कोणाला नेलं आणि कधी

ऑगस्ट १९३९मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघाने करार केला आणि त्याच्या गुप्त भागात पोलंडची वाटणी ठरवली. १ सप्टेंबरला पश्चिमेकडून जर्मन सैन्य शिरलं, १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य. पूर्व पोलंड सोव्हिएत युक्रेन आणि बेलारूसला जोडला गेला आणि तिथल्या लोकांवर सोव्हिएत नागरिकत्व लादलं गेलं. पत्रांच्या दृष्टीने याचा अर्थ फार महत्त्वाचा आहे: ल्वूव शहरातून कझाकस्तानला जाणारं पत्र आता एकाच देशातलं, म्हणजे देशांतर्गत टपाल झालं. वॉर्सा आणि क्राकूव मात्र जर्मनांकडे राहिले. तिकडे जाणारं पत्र परदेशी टपाल ठरलं.

हद्दपारीच्या मोठ्या लाटा चार. पहिली १० फेब्रुवारी १९४०ची. तीत पूर्वेकडे जमिनी मिळालेले माजी सैनिक आणि जंगल खात्याचे कर्मचारी यांची कुटुंबं गेली, सुमारे १ लाख ४० हजार माणसं. त्यांना आर्खांगेल्स्क, कोमी, उरल, सायबेरिया इथल्या जंगलात लाकूडतोडीवर लावलं. दुसरी लाट १३ एप्रिल १९४०ची, सुमारे ६१ हजारांची. तीत अटक झालेल्या आणि युद्धकैदी झालेल्या पुरुषांची कुटुंबं होती, म्हणजे बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. त्यांना कझाकस्तानात दहा वर्षांसाठी धाडलं. तिसरी जून-जुलै १९४०ची, ७५ ते ८० हजारांची. जर्मन भागातून पळून आलेल्या निर्वासितांची ही लाट, आणि त्यांतले बहुसंख्य ज्यू होते. सायबेरियात त्यांचे फार हाल झाले. पण मागे राहिलेले त्यांचे नातेवाईक जर्मनांच्या हाती सापडले आणि मारले गेले, हेही याच पत्रव्यवहारात पुढे कळतं: एका टोकाची पत्रं कायमची थांबतात. चौथी लाट मे-जून १९४१ची. ती पुरती संपायच्या आतच जर्मनांनी सोव्हिएत संघावर हल्ला केला.

चारही मिळून सोव्हिएत पोलिसांच्या स्वतःच्या कागदांत सुमारे ३ लाख २० हजारांची नोंद आहे. जुन्या पोलिश पुस्तकांत दहा लाखांच्या वरचे आकडे सापडतात. ते कागद खुले होण्याआधीचे अंदाज आहेत, आणि त्यांत तुरुंगातले, सैन्यात भरती केलेले, कामावर नेलेले असे इतरही मोजलेले असत. दोन आकड्यांत एवढा फरक दिसला की कोणी तरी खोटं बोलतंय असं लगेच समजू नये. मोजलेली माणसं वेगवेगळी आहेत.

पत्ते कुठून मिळाले

दुसऱ्या लाटेचा आणि टपालाचा संबंध नीट समजून घ्यायला हवा. तो समजला की या विषयातला सगळ्यात क्रूर भाग समोर येतो.

सोव्हिएत सैन्याने पकडलेले पोलिश अधिकारी, पोलीस आणि सीमारक्षक कोझेल्स्क, स्तारोबेल्स्क आणि ओस्ताश्कोव या तीन छावण्यांत ठेवले होते. नोव्हेंबर १९३९च्या अखेरीपासून त्यांना महिन्याला एक पत्र घरी लिहायची परवानगी मिळाली. छावणीचं नाव द्यायचं नाही, फक्त गावाचं नाव आणि टपालपेटीचा क्रमांक. बायकोचं नाव, मुलांची नावं, घर कुठे, हे सगळं कैदी आनंदाने लिहीत होते. त्याशिवाय पत्र पोचणार कसं? घरच्यांची माहिती विचारणारे तक्तेही छावणीत भरून घेतले जात होते.

५ मार्च १९४० रोजी मॉस्कोत वरिष्ठ नेत्यांनी या कैद्यांना गोळ्या घालायचा निर्णय केला. दोनच दिवसांनी, ७ मार्चला, पोलीस खात्याचा प्रमुख बेरिया याने त्यांच्या कुटुंबांना कझाकस्तानात हलवायच्या तयारीचा हुकूम काढला. त्यासाठी छावण्यांकडे जमलेल्या माहितीवरून याद्या बनवल्या: कैद्याचं नाव, घरातली माणसं, राहण्याचा पत्ता. मार्चच्या मध्यात कैद्यांचा पत्रव्यवहार बंद झाला. एप्रिलच्या सुरुवातीला गोळीबार सुरू झाला आणि तो चालू असतानाच १३ एप्रिलच्या रात्री घरांची दारं वाजली.

म्हणून त्या वसंत ऋतूतलं टपाल वाचताना काळजात चर्र होतं. नवरा छावणीत नाही, बायको घरी नाही, आणि दोघांनाही ते ठाऊक नाही. बायकोने कझाकस्तानात पोचल्यावर छावणीच्या टपालपेटीवर लिहिलेली कार्डं परत येऊ लागली. जर्मन भागातून, म्हणजे परदेशी टपालाने, नातेवाइकांनी पाठवलेली कार्डंही परत येत, आणि त्यांवर शिक्का असे ‘रतूर – पार्ती’. हे शब्द फ्रेंच आहेत, कारण आंतरराष्ट्रीय टपालाची भाषा फ्रेंच. अर्थ इतकाच, की परत, इसम निघून गेला. कुठे गेला ते टपाल खातं सांगत नाही. असा शिक्का मिळालेल्या बायकांनी तो चांगला मानला: दुसऱ्या छावणीत हलवलं असेल, नवा पत्ता येईल. मुलांनी वडलांच्या सुटकेसाठी थेट स्तालिनला अर्ज लिहिले.

१९४३ साली जर्मनांनी रशियातल्या स्मोलेन्स्कजवळच्या कातिनच्या जंगलात या कैद्यांपैकी काहींची प्रेतं उकरली तेव्हा कपड्यांच्या खिशांत घरून आलेली पत्रं, कार्डं, रोजनिशा सापडल्या. त्यांतल्या तारखा १९४०च्या वसंतापाशी थांबत होत्या. सोव्हिएत सरकार म्हणत होतं की हे काम जर्मनांनी १९४१मध्ये केलं. खिशातली पत्रं त्याच्या विरुद्ध साक्ष देत होती. मॉस्कोने जबाबदारी मान्य केली ती १९९०मध्ये. १९५९च्या एका सोव्हिएत टिपणात एकूण मारलेल्यांचा आकडा २१,८५७ असा दिला आहे.

रात्रीची धाड आणि पहिली चिठ्ठी

धाड पडायची पहाटेआधी. दारात दोन-तीन हत्यारी माणसं, सोबत बहुधा गावातलाच कोणी तरी ओळख पटवायला. नियमपुस्तकाप्रमाणे कुटुंबाला कपडे, अंथरूण, भांडी, महिनाभराचं धान्य, लहान अवजारं न्यायची मुभा होती. पहिल्या लाटेच्या नियमात कुटुंबामागे ५०० किलोपर्यंतची मर्यादा लिहिली होती. प्रत्यक्षात कोणाला अर्धा तास मिळाला, कोणाला दोन तास. कडाक्याची थंडी, एकच घसरगाडी, तीवर बसायची मुलंही. किती सामान आलं हे धाड घालणाऱ्या माणसाच्या स्वभावावर अवलंबून होतं. एखादा शिपाई हळूच म्हणायचा की शिवणयंत्र घ्या, पिठाचं पोतं घ्या, जिथे जाताय तिथे काही नाही. त्या एका वाक्याने पुढे कुटुंबं जगली आहेत. पुढची पत्रं वाचताना घरून काय आलं होतं याचा अंदाज बांधावा लागतो, कारण विकायला तेवढंच होतं.

मालगाडीच्या डब्यात दोन्ही बाजूंना फळ्यांचे माळे, मधे लोखंडी शेगडी, जमिनीला एक भोक तेच शौचालय. कागदावर एका डब्यात २५-३० माणसं धरलेली, प्रत्यक्षात अनेकदा जास्त. प्रवास दोन ते चार आठवड्यांचा. पहिली पत्रं याच डब्यांतून निघाली: वहीच्या पानावर चार ओळी, वर नातेवाइकाचा पत्ता, घडी घालून वरच्या जाळीच्या खिडकीतून रुळांकडेला टाकलेली. रेल्वेच्या कामगारांनी, वाटसरूंनी त्या उचलून पेटीत टाकल्या. अशी चिठ्ठी ओळखायची खूण म्हणजे तिच्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता नसतो. असणारच कसा, कुठे नेताहेत हे डब्यात कोणालाच माहीत नव्हतं.

कार्ड वाचायचं कसं

मुक्कामी पोचल्यावर दोन प्रकारची आयुष्यं सुरू झाली आणि पत्रांतही तो फरक दिसतो. जंगलातल्या वसाहतींत पोलीस अधिकारी देखरेखीला असे. वसाहत सोडायला त्याची परवानगी, टपाल त्याच्या हातातून. कझाकस्तानातल्या एप्रिलच्या कुटुंबांना सामूहिक शेतांवर आणि सरकारी शेतांवर वाटून टाकलं होतं. गाव सोडून जायची बंदी होती, पण टपाल कचेरीपर्यंत चालत जाता येई, भले ती वीस-तीस किलोमीटरवर असो. म्हणून दुसऱ्या लाटेची पत्रं पहिलीपेक्षा मोकळी वाटतात.

आता पत्त्याची बाजू. सोव्हिएत लिफाफ्यावर पत्ता आपल्या सवयीच्या उलटा लिहीत: आधी प्रजासत्ताक, मग प्रांत, मग तालुका, गाव किंवा शेताचं नाव, आणि सगळ्यात शेवटी माणसाचं नाव. छापील मथळे असतात ‘कुदा’ आणि ‘कोमू’. अर्थ अनुक्रमे कुठे आणि कोणाला. मराठी कानाला हे लक्षात ठेवायला अवघड नाही. माणसाच्या नावाशी रशियन पद्धतीने वडलांचं नाव जोडलेलं असतं, त्यामुळे एकच बाई पोलिश कागदांत एका नावाने आणि सोव्हिएत लिफाफ्यावर वेगळ्याच वाटणाऱ्या नावाने सापडते. मजकूर पोलिशमध्ये, रोमन लिपीत. पत्ता रशियन लिपीत. मोठ्यांपैकी पुष्कळांना ती लिपी येत नसे. शाळेत जाऊन मुलं लवकर शिकली, म्हणून कित्येक कार्डांवर मजकूर आईच्या हातचा आणि पत्ता मुलाच्या हातचा असतो. उच्चारावरून लिहिलेल्या गावाच्या नावात एक अक्षर चुकलं की कार्ड दुसऱ्याच प्रांतात फिरून यायचं. अशा कार्डांवर शिक्क्यांची गर्दी दिसते.

तारखेत एक खाच आहे. पोलिश माणूस महिना रोमन आकड्यात लिहितो: आधी दिवस, मग रोमन आकडा, मग वर्ष. घाईच्या हस्ताक्षरात दोन आणि अकरा, सहा आणि चार सहज मिसळतात. शंका आली की टपालाचा शिक्का बघावा. त्यात दिवस, महिना, वर्ष साध्या आकड्यांत असतात. निघाल्याचा आणि पोचल्याचा असे दोन शिक्के असले तर प्रवासाचे दिवस मोजता येतात. ल्वूव ते कझाकस्तान सुरळीत असेल तर साधारण दोन-तीन आठवडे, बिघडलं तर महिना-दीड महिना. पत्रं हरवत असत, म्हणून दोन्हीकडून पत्रांना क्रमांक देत आणि तुमचं सातवं मिळालं, सहावं मिळालं नाही, असं कळवत. एखाद्या गठ्ठ्यात असे क्रमांक दिसले तर आधी तेच लावून घ्यावेत, तारखा मागाहून.

जर्मनांच्या भागात गेलेल्या पत्रावर आणखी एक थर असतो. पाकिटाची कड कापून पुन्हा चिकटवलेली छापील पट्टी, तीवर जर्मन भाषेत ‘उघडलं’ असा शब्द, आणि गरुडाचा लष्करी शिक्का. तिकडून आलेल्या उत्तरांवर सुरुवातीच्या काळात जर्मन तिकिटंच असतात, त्यांवर पूर्वेकडच्या जर्मन टपालाचं नाव छापलेलं. काही घरांनी हा फेरा टाळायला ल्वूवच्या नातेवाइकाकडे देशांतर्गत कार्ड पाठवायचं आणि त्याने पुढे वॉर्सात कळवायचं अशी साखळी केली. म्हणून एकाच बाईची पत्रं दोन-तीन घरांच्या कपाटांत विखुरलेली सापडतात.

गावांची नावं नंतर बदलली आहेत आणि नकाशात शोधताना इथेच लोक अडकतात. अक्मोलिन्स्क म्हणजे आजची राजधानी अस्ताना. सेमिपालातिन्स्क आता सेमेय, अक्तूबिन्स्क आता अक्तोबे. मोलोतोव नावाचं शहर आणि प्रांत दिसला तर तो पेर्म. पोलंडकडच्या बाजूला ल्वूवचं ल्विव झालं, विल्नोचं विल्निअस, आणि स्तानिस्वावूवचं तर पार इव्हानो-फ्रांकिव्स्क. अनेक लहान शेतवस्त्या नकाशावरून पुसल्या गेल्या आहेत. त्या सापडल्या नाहीत तर तालुक्यावर थांबावं, ओढूनताणून आजचं गाव चिकटवू नये.

मजकुरात काय असतं, काय नसतं

पत्रं वाचली जातात हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे अटकेतला माणूस आजारी असे, तुरुंग म्हणजे इस्पितळ, आणि सुटका म्हणजे बरा होऊन घरी येणं. युद्धाच्या बातम्या कोणा काका-मामांच्या तब्येतीच्या रूपात येत. पण प्रत्येक आजारात सांकेतिक अर्थ शोधायला जाऊ नये. टायफस, मलेरिया, हगवण, हिरड्या सुजवणारा स्कर्व्ही, जीवनसत्त्वांच्या अभावाने येणारा रातांधळेपणा, हे सगळं खरंच होतं. निकष सोपा आहे: आजाराची लक्षणं आणि औषधाची मागणी असेल तर आजार खरा, नुसतंच वडील अजून इस्पितळातच आहेत असं दर पत्रात येत असेल तर थांबून विचार करावा.

मागणीची यादी हा मजकुराचा सगळ्यात प्रामाणिक भाग. कांदा आणि लसूण स्कर्व्हीवर. डुकराची खारवलेली चरबी, कारण ती महिनोन् महिने टिकते आणि थोडी पुरते. साखर, भरड धान्य, साबण. मग मधेच रेशमी ब्लाऊज, पलंगपोस, घड्याळ अशी मागणी येते आणि वाचणारा चक्रावतो: तिथे घड्याळ कशाला? सामूहिक शेतावर रोख मजुरी नव्हती. दिवसभराच्या कामाची वहीत एकक लिहीत आणि पीक निघाल्यावर उरलंच तर धान्य देत. त्यामुळे आजच्या जेवणासाठी गावकऱ्यांशी अदलाबदल करावी लागे. पलंगपोस म्हणजे बटाटे, घड्याळ म्हणजे पीठ. ब्लाऊज मागणारी आई धान्यच मागते आहे.

इंधनाचा उल्लेख ‘किझ्याक’ या शब्दाने येतो. पोलिश भाषांतरकार त्यावर लांबलचक टीप देतात. मराठीत एक शब्द पुरे आहे, गोवऱ्या. शेणात गवताचा चुरा कालवून, थापून, वाळवून हिवाळ्यासाठी रचायच्या. ल्वूवच्या शिक्षिका आणि डॉक्टरांच्या बायका हे तिथे शिकल्या. उन्हाळ्याच्या पत्रांत हात शेणाने फाटल्याची तक्रार आणि हिवाळ्याच्या पत्रांत गोवऱ्या कमी पडल्याची भीती असते.

कागद नसे. वहीची पानं, वर्तमानपत्राची कोरी कड, जुन्या पुस्तकाचं कोरं पान वापरलं जाई. शाई काजळीची, नाही तर कॉपिंग पेन्सिल; ती कोरडी करडी उमटते आणि ओल लागली की जांभळी होते. जांभळा डाग दिसला की तो अश्रूंचा आहे असं हौसेने लिहिणारे पुष्कळ आहेत. तसं नसतं असं नाही, पण बहुतेकदा ती बर्फाची किंवा पोस्टमनच्या थैलीची ओल असते.

पार्सलची रीत आपल्याकडच्या जुन्या पिढीला लगेच ओळखता येईल. लाकडी पेटी, वरून मांजरपाटासारखं जाड कापड हाताने शिवलेलं, कापडावरच कॉपिंग पेन्सिलीने पत्ता. कापड फेकत नसत. उसवून त्याची चड्डी, पायाला गुंडाळायची पट्टी किंवा पिशवी होई. म्हणून पार्सलं शेकड्यांनी गेली, पण त्यांची वेष्टणं आज फारच थोडी उरली आहेत.

२२ जून १९४१: तार तुटली

जर्मनांनी सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि आठवडाभरात, ३० जूनला, ल्वूव त्यांच्या हातात गेलं. आता घर एका सैन्याच्या बाजूला आणि हद्दपार माणसं दुसऱ्या सैन्याच्या. देशांतर्गत टपाल एका दिवसात अशक्य झालं. घरच्या गठ्ठ्यात जून १९४१नंतर एकदम पोकळी दिसते ती यामुळे. कोणी मेलं असं त्यावरून धरू नये. पार्सलंही थांबली, आणि म्हणून १९४१-४२चा हिवाळा पहिल्यापेक्षा जास्त जीवघेणा ठरला.

त्याच उन्हाळ्यात राजकारण उलटलं. ३० जुलै १९४१ला लंडनमध्ये आसरा घेतलेल्या पोलिश सरकारचा प्रमुख शिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांनी करार केला, १२ ऑगस्टला पोलिश कैद्यांना आणि हद्दपारांना माफी जाहीर झाली. गुन्हाच केला नव्हता त्यांना माफी! पण तिच्यामुळे जनरल अँडर्सच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभं राहू लागलं आणि हजारो कुटुंबं मिळेल त्या गाडीने दक्षिणेकडे, उझबेकिस्तानच्या दिशेने निघाली.

या प्रवासात पत्ता नावाची गोष्टच विरघळली. गाडी स्टेशनात थांबली की आई किंवा मोठा भाऊ किटली घेऊन उकळतं पाणी आणायला धावे. रशियन स्टेशनांवर त्याचा वेगळा नळ असतो. शिट्टी न होता गाडी सुटे. अशी ताटातूट इतकी झाली की पुढच्या कित्येक वर्षांच्या शोधपत्रांत शेवटचं भेटलेलं ठिकाण म्हणून एखाद्या स्टेशनाचं नाव येतं. पोलिश वकिलातीकडे, सैन्याच्या कचेऱ्यांकडे, अमुक वयाची मुलगी, अमुक स्टेशन, अशा चिठ्ठ्यांचा पूर आला.

त्याच कचेऱ्यांत एक वेगळी शंका वाढत होती. चित्रकार आणि घोडदळाचा अधिकारी युझेफ चापस्की याच्याकडे बेपत्ता अधिकाऱ्यांचा शोध सोपवला होता. तो स्वतः स्तारोबेल्स्कमधून वाचलेल्या थोड्यांपैकी होता. बायका नावं कळवत होत्या, आणि सगळ्यांच्या सांगण्यात एकच गोष्ट होती: पत्रं १९४०च्या वसंतात थांबली. हजारो घरांची पत्रं एकाच सुमारास थांबतात, हे टपालाच्या गोंधळाने होत नाही.

वळिवड्याचा पत्ता

१९४२च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये अँडर्सचं सैन्य आणि सोबतची कुटुंबं कॅस्पियन समुद्रावरच्या क्रास्नोवोद्स्कहून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. सुमारे १ लाख १५ हजार माणसं, त्यांत ३७ हजारांच्या आसपास नागरिक. बाकीचे मागेच राहिले. एप्रिल १९४३मध्ये कातिनवरून मॉस्कोने पोलिश सरकारशी संबंध तोडले आणि त्यांची वाट बंद झाली.

इराणमधून नागरिकांना पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि भारतात पाठवलं. काही अनाथ मुलं त्याआधीच भारताकडे निघाली होती. नवानगरचे (आजचं जामनगर) जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला मुलांना आसरा दिला. कोल्हापूर संस्थानात, मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरच्या वळिवड्याला १९४३मध्ये मोठी वसाहत उभी राहिली. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौलं, स्वतःच्या शाळा, चर्च, इस्पितळ. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका-मुलं. क्षयाच्या रुग्णांसाठी पाचगणी.

तीन वर्षांत प्रथमच लोकांना टिकाऊ पत्ता मिळाला आणि पत्रांचा प्रकार बदलला. मुलगा किंवा नवरा सैन्यात, इराकमध्ये, पॅलेस्टाइनमध्ये, मग इटलीत. त्याच्या पाकिटावर गावाचं नाव नसतं, फक्त पोलिश लष्करी टपालाचा क्रमांक. गाव लिहिणं मना होतं. अशा गठ्ठ्यात सैनिक कुठे होता हे कळायला त्याची तुकडी आणि तारीख जुळवावी लागते. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या तपासनिसाने पाकीट उघडलं असेल तर कडेला ‘उघडून पाहिले’ अशा अर्थाची इंग्रजी पट्टी आणि क्रमांक दिसतो.

घरी, म्हणजे जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये, लिहायचं तर मुख्य वाट रेड क्रॉसची होती. छापील अर्ज, जास्तीत जास्त २५ शब्द, फक्त घरगुती मजकूर. अर्ज जिनिव्हामार्गे जाई आणि उत्तर त्याच कागदाच्या मागे, पुन्हा २५ शब्दांत. सगळ्या तपासण्या पार करून यायला कित्येक महिने. चार वर्षांचं आयुष्य २५ शब्दांत बसवताना लोकांनी विशेषणं टाकली, क्रियापदं टाकली, फक्त नावं ठेवली. ज्याचं नाव यादीत नाही तो गेला असं घरच्यांनी समजायचं. म्हणून या अर्जांत नावं मोजावीत आणि आधीच्या पत्रातल्या नावांशी ताडून पाहावीत.

युद्ध संपलं तेव्हा ‘घरी’ या शब्दाचाच पत्ता बदलला होता. १९४५च्या याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे राहील असं ठरलं. ल्वूवचे नातेवाईक आता पश्चिमेकडे, जर्मनांकडून घेतलेल्या व्रोत्स्वाफकडे हलवले जात होते. वळिवड्यात आलेल्या पत्रांत सल्ले परस्परविरोधी असतात: ये, माणसं हवी आहेत, येऊ नकोस, घर नाही. काही जण पोलंडला गेले. पुष्कळ जण १९४७-४८मध्ये सैन्यातल्या माणसांपाठोपाठ ब्रिटनला गेले. रिकाम्या वसाहतीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि त्या जागेला गांधीनगर म्हणू लागले. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्या पोलिश मुक्कामाचं स्मारक आहे, आणि वळिवड्याला २०१९मध्ये दुसरं उभारलं गेलं.

असा गठ्ठा हाती आला तर

अशी कागदं आजही नातवंडांच्या पेट्यांत निघतात, ब्रिटनमध्ये जास्त, क्वचित आपल्याकडेही. पहिली गोष्ट, पाकीट आणि पत्र वेगळं करू नये. दोन्ही बाजू सपाट प्रकाशात, पट्टी ठेवून, रंगीत स्कॅन कराव्यात. कॉपिंग पेन्सिलीचा जांभळा रंग काळ्यापांढऱ्या प्रतीत नाहीसा होतो. ओलं फडकं अजिबात लावू नये, तो रंग पसरतो. चिकटपट्टी, लॅमिनेशन, रबरबँड टाळावेत. पेन्सिलीने मागे क्रमांक घालून एका वहीत चार रकाने करावेत: निघाल्याचा शिक्का, पोचल्याचा शिक्का, पाठवणाऱ्याचा पत्ता जसा लिहिलाय तसा, आणि आलेली नावं. व्यक्तीचा शोध घ्यायचा तर वॉर्सातल्या कार्ता केंद्राने दडपशाहीत सापडलेल्यांच्या नावांच्या याद्या केल्या आहेत. लंडनच्या पोलिश संस्था आणि शिकोर्स्की संग्रहालयात सैन्याचे कागद आहेत. बियाविस्तोकला २०२१मध्ये सायबेरियाच्या आठवणींचं संग्रहालय उघडलं आहे, ते अशी पत्रं सांभाळतं. शोधताना नाव पोलिश आणि रशियन अशा दोन्ही रूपांत द्यावं, आणि वडलांचं नाव व जन्मवर्ष सोबत असावं. एकाच नावाची माणसं फार आहेत.

आणि तिकीट कापून काढू नये. तिकिटं जमवणाऱ्यांनी पूर्वी हजारो कार्डांचे कोपरे कापले. कोपऱ्याबरोबर शिक्का जातो, शिक्क्याबरोबर तारीख, आणि मग ते कार्ड १३ एप्रिलच्या आधी निघालं की नंतर, म्हणजे लिहिताना ती बाई अजून आपल्या घरात होती की नव्हती, हे पुन्हा कधीच कळत नाही.